पाणी पाजलेल्या पोलादाला वेल्डिंग मारताना

वणी, घुग्घुस, राजुरा हा आमचा कोळशाचा पट्टा. इथे वेल्डिंगचं दुकान टाकलं की एकाच शेडखाली शेतकऱ्याची ट्रॉली, रोटाव्हेटर आणि खाणीवरची बकेट असं सगळं येतं. ट्रॉलीला साधा रॉड आणि साधा हात पुरतो. पण एक्स्कॅव्हेटरच्या बकेटची लिप म्हणजे पुढची धार, टिपरच्या बॉडीतली लायनर प्लेट म्हणजे आतलं अस्तर, डोझरचं ब्लेड, क्रशरचं हॉपर यांची प्लेट पाणी पाजलेली, म्हणजे तापवून झटकन थंड करून कडक केलेली असते. या कामांत ट्रॉलीची सवय नेली, की मशीन दोन दिवसांत परत येतं. ठेकेदार विचारतो, "रॉड त भारीचा वापरला, मंग फुटलं काहून?" आयटीआय करून नवीन लागलेली पोरंही मला हेच विचारतात, म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून ठेवतो आहे.

फुटलेला सांधा आधी जवळून पाहा. ग्रीस, कोळशाची भुकटी पुसून काढा आणि सकाळच्या तिरप्या उन्हात बघा. रन, म्हणजे रॉड वितळून पडलेली वेल्डिंगची ओळ, शाबूत असतो. त्याच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटरवर, रनाला समांतर, केसाएवढी बारीक रेघ जाते. रॉड फुटलेला नाही. रनाला लागून जी प्लेट तापली आणि झटकन थंड झाली, ती फुटली आहे. म्हणून आणखी महाग, आणखी कडक रॉड आणून हा आजार बरा होत नाही.

हे पोलाद बनतं कसं

गावातला लोहार विळ्याला पाणी कसं पाजतो ते तुम्ही पाहिलं असेल. पातं लालभडक करायचं, पाण्यात बुडवायचं, म्हणजे ते कडक होतं पण काचेसारखं ठिसूळ. मग थोडी धग दाखवून तो ठिसूळपणा उतरवायचा. कारखान्यात जाड प्लेटवर हेच होतं, फक्त मोजून-मापून. साधारण ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून पाण्याच्या फवाऱ्यात थंड करतात आणि मग गरजेप्रमाणे टेम्पर करतात, म्हणजे ती धग दाखवतात.

यात दोन घराणी आहेत आणि ती वेगळी धरायला शिका. एक आहे ताकदीचं पोलाद, जे क्रेनच्या बूमला, मोठ्या मशीनच्या सांगाड्याला वापरतात. अमेरिकेचं ए ५१४, युरोपचं एस ६९० क्यूएल ही त्यातली नावं. आपण जे साधं स्ट्रक्चरल पोलाद वापरतो, आयएस २०६२ चं ई २५०, ते २५० मेगापास्कल (ताणाचं माप) इतक्या ताणाला वाकायला लागतं. हे ताकदीचं पोलाद ६९० ला. दुसरं आहे घासणीचं पोलाद, म्हणजे वेअर प्लेट. स्वीडनची हार्डॉक्स त्यात सगळ्यांच्या तोंडी आहे. ४००, ४५०, ५०० हे तिचे आकडे म्हणजे ब्रिनेल या मापातला कडकपणा. साध्या प्लेटचा कडकपणा १२०-१३० च्या आसपास असतो, त्यावरून अंदाज घ्या.

ताकदीचं पोलाद ६०० अंशांच्या वर टेम्पर झालेलं असतं, त्यामुळे ते थोडी जास्त उष्णता सोसतं. वेअर प्लेट मात्र २५० अंशांच्या वर गेली की तिचा कडकपणा उतरायला लागतो. ती प्लेट गॅसने लाल करून वाकवली, तर जी गोष्ट विकत घेतली होती ती तिथेच संपली. ठेकेदाराने वेअर प्लेटचे पैसे दिले आणि बसवली साधी प्लेट, असा तो हिशेब होतो.

म्हणजे दोन्ही बाजूंनी कुंपण आहे. उष्णता कमी पडली तर रनाशेजारची पट्टी झटकन थंड होऊन ठिसूळ होते आणि फुटते. जास्त झाली तर कारखान्यात दिलेलं पाणी उतरतं. आपल्याला या दोन कुंपणांच्या मधून काम न्यायचं आहे, आणि ते अंदाजाने नेता येत नाही. थर्मामीटर आणि घड्याळ लागतं.

आधी प्लेट ओळखा

नवी प्लेट असेल तर तिच्यावर शिक्का, ग्रेड आणि हीट नंबर (कारखान्यातल्या ओतीचा नंबर) असतो. दुकानदाराकडून टेस्ट सर्टिफिकेट मागा. ते नाही म्हणत असतील तर दुसरीकडे जा. प्लेट कापताना शिक्क्याचा तुकडा शेवटी वापरायचा, आणि उरलेल्या तुकड्यावर ग्रेड ऑइल पेंटने लिहायचा. आमच्या शेडमध्ये नाव नसलेला तुकडा बकेटला लागत नाही.

भंगारातून आलेली किंवा आधीच मशीनवर असलेली प्लेट असेल तर कानशीने घासून पाहा. साध्या प्लेटला कानस चावते, बुरा पडतो. ४५० च्या प्लेटवर ती सरकत जाते. एवढ्यावरून फक्त एवढंच कळतं की प्लेट कडक आहे. किती कडक, ते हातात धरायच्या हार्डनेस टेस्टरने कळतं. तो एखाद्या मोठ्या वर्कशॉपमध्ये मिळतो, मागून आणायला लाजू नका. ठिणग्या पाहून ग्रेड सांगणारे पुष्कळ भेटतात. मी त्यावर काम ठरवत नाही.

ओळख पटलीच नाही तर प्लेट ५०० ची आहे असं धरून चाला. जास्त काळजी घेतली तर वेळ जातो, कमी घेतली तर बकेट जाते.

रॉड

सगळ्यात जास्त सांधे इथे बिघडतात, म्हणून इथे थोडं थांबू.

वितळलेल्या पोलादात हायड्रोजन शिरतो. रॉडच्या मसाल्यातली, म्हणजे वरच्या आवरणातली ओल, प्लेटवरचा गंज, ऑइल, ग्रीस, पेंट, दव हे सगळे हायड्रोजनचे झरे आहेत. आर्कच्या उष्णतेत पाणी फुटतं आणि त्यातला हायड्रोजन रनात मिसळतो. पोलाद थंड झालं की त्याला बाहेर पडायला वाट हवी असते. तो सरकत सरकत शेजारच्या ठिसूळ पट्टीत येतो, आणि सांधा ताणात असेल तर तिथे तडा पाडतो. या सरकण्याला वेळ लागतो, म्हणून तडा लगेच दिसत नाही. संध्याकाळी बघून पास केलेली बकेट तिसऱ्या दिवशी फुटते ती यामुळे.

६०१३ हा आपला रोजचा रॉड. ट्रॉलीला, ग्रिलला, शेडच्या पाइपला उत्तम. त्याच्या मसाल्यात ओल मुळातच जास्त, तो या कामाला चालत नाही. इथे लो हायड्रोजन रॉड लागतो, म्हणजे किमान ७०१८. पाकिटावर एच ४ लिहिलेलं असेल तर आणखी चांगलं. १०० ग्रॅम रनात ४ मिलिलिटरपेक्षा जास्त हायड्रोजन जाणार नाही, असा त्याचा अर्थ. एच ८ चा रॉड मी वेअर प्लेटला घेत नाही.

आता ठेकेदाराच्या "भारीच्या रॉडा"बद्दल. प्लेट एवढी कडक, तर रॉडही तेवढाच कडक हवा, असं सगळ्यांना वाटतं. वेअर प्लेट बसवताना ते उलटं आहे. थोडा मऊ रॉड ताण स्वतःवर घेतो, किंचित लांबतो आणि शेजारच्या पट्टीला वाचवतो. बकेटचं मूळ कवच साध्या किंवा मध्यम पोलादाचंच असतं, त्यामुळे कोपऱ्याच्या फिलेट सांध्याला ७०१८ पुरतो. जिथे दगड-कोळसा थेट घासतो तिथे वरचे एक-दोन रन कडक घ्या, आतलं भरण मऊच ठेवा. ताकदीच्या पोलादात पूर्ण ताकदीचा बट सांधा (दोन प्लेटच्या कडा समोरासमोर जोडणारा) हवा असेल तर ई ११०१८-एम वापरतात. त्या कामाला लेखी प्रोसीजर आणि तपासणी लागते.

शेतात किंवा खाणीत जिथे बर्नर लावताच येत नाही, तिथे ३०७ जातीचा स्टेनलेस रॉड हा तिसरा मार्ग. तो रन हायड्रोजनला आपल्यातच धरून ठेवतो, शेजारी सोडत नाही. महाग आहे, पण अडचणीच्या दुरुस्तीत त्याने मशीनं उभी केली आहेत.

रॉड कोणताही असो, तो कोरडा हवा, आणि कोरडा म्हणजे काय यावरून आमच्याकडे रोज वाद होतो. मे महिन्यात पत्र्यावर वाळत घातलेला रॉड कोरडा झालेला नसतो. बल्ब लावलेल्या लाकडी पेटीतला रॉडही नाही. होल्डरला लावून प्लेटवर चिकटवून लाल केलेला तर मुळीच नाही, त्याचा मसाला जळून जातो. मसाल्याच्या आत बसलेलं पाणी काढायला ७०१८ ला साधारण २५० ते ३५० अंशांवर एक-दोन तास भाजावं लागतं. ११०१८ ला ३७० ते ४३० अंशांवर एक तास. नेमका आकडा पाकिटावर छापलेला असतो, तो पाळा. त्यासाठी मोठा ओव्हन लागतो. खांद्यावर न्यायचा छोटा ओव्हन भाजलेला रॉड गरम ठेवण्यापुरता आहे, ओला रॉड त्यात टाकून कोरडा होत नाही.

भाजलेला रॉड ओव्हनमधून काढला की घड्याळ सुरू होतं. अमेरिकन कोडप्रमाणे, म्हणजे तिकडच्या वेल्डिंगच्या नियमपुस्तकाप्रमाणे, ७०१८ उघड्या हवेत चार तास चालतो, ११०१८ फक्त अर्धा तास. आषाढ-श्रावणात आमच्याकडे भिंतींना घाम फुटतो. त्या दिवसांत मी ७०१८ लाही चार तास देत नाही. एका वेळी चार-पाचच रॉड बाहेर काढायचे. राहिलेले एकदा पुन्हा भाजता येतात, त्यानंतर ते ट्रॉलीच्या डब्यात जातात.

कडा आणि टाके

गॅसने कापलेल्या कडेवर एक पातळ कडक थर बसतो. तो ग्राइंडरने एक-दोन मिलिमीटर काढा, चकाकतं पोलाद दिसेपर्यंत. सांध्याच्या दोन्ही बाजूंनी वीतभर जागा गंज, पेंट, ग्रीस यांपासून साफ करा. डिझेलने पुसू नका, ते स्वतःच हायड्रोजनचा झरा आहे. खाणीवरच्या बकेटमध्ये जुन्या लायनरच्या खाली ओल्या कोळशाचा चिखल दाबून बसलेला असतो. तो न काढता वर प्लेट मारली तर तापवताना त्याची वाफ सांध्यातूनच बाहेर येते.

दोन प्लेटमधली फट तीन मिलिमीटरच्या वर नको. फटीत सळई टाकून वरून भरणारे कारागीर आहेत. ती सळई तडा जाण्याची पहिली जागा होते.

टाका, म्हणजे प्लेट जागेवर धरायला मारलेला आखूड रन, छोटा असतो म्हणून त्याकडे कोणी पाहत नाही, पण २५ मिलिमीटरच्या थंड प्लेटवर मारलेला बोटभर टाका सगळ्यात झटकन थंड होतो. तापवणं टाक्यापासूनच सुरू करा. टाका किमान ५० मिलिमीटर लांब असू द्या आणि त्यालाही तोच भाजलेला रॉड वापरा. रॉड पेटवायला प्लेटवर कुठेही घासू नका. त्या एका ठिणगीखाली डाळीच्या दाण्याएवढी जागा काचेसारखी कडक होते आणि पुढे तिथूनच रेघ निघते. सांध्याच्या आतच आर्क पेटवा. चुकून बाहेर डाग पडलाच तर घासून काढा.

तापवणं

आता मुख्य काम. कोळसा किंवा लाकडं पेटवून प्लेट तापवू नका, कुठे किती तापली ते कळत नाही. एलपीजीचा रुंद बर्नर घ्या. ऑक्सिजनचा कटिंग टॉर्च एकाच ठिकाणी फार तापवतो आणि २५० चं कुंपण कधी ओलांडलं ते कळत नाही.

ज्वाला लागली की पहिल्या मिनिटात प्लेटवर पाण्याचे थेंब उमटतात. पोरं म्हणतात प्लेटमधून पाणी निघालं. ते प्लेटमधलं पाणी नसतं. गॅस जळताना वाफ होते आणि ती थंड प्लेटवर बसते. थेंब उडाले म्हणजे प्लेट तापली असं समजू नका. ती तेव्हा जेमतेम शंभराच्या आत असते. ज्वाला फिरती ठेवा आणि शक्य असेल तिथे सांध्याच्या मागच्या बाजूने तापवा.

किती तापवायचं? ताकदीच्या ए ५१४ ला अमेरिकन कोडप्रमाणे २० मिलिमीटरपर्यंत १० अंश पुरतात, ३८ पर्यंत ५०, ६५ पर्यंत ८० आणि त्याच्या वर ११० अंश. वेअर प्लेटला जास्त लागतं. माझ्या शेडमध्ये ४५० च्या २०-२५ मिलिमीटर प्लेटला १२५ ते १५० अंश ठरलेले आहेत, ५०० च्या जाड प्लेटला १७५ च्या आसपास. प्लेटच्या कारखान्याचा तक्ता वेगळं सांगत असेल तर तक्ता खरा. दोन वेगळ्या प्लेट जोडताना ज्या प्लेटला जास्त लागतं तिचा आकडा धरायचा. हवेत ओल फार असेल, सांधा घट्ट जखडलेला असेल किंवा थंडी ५ अंशांच्या खाली असेल तर आणखी २५ अंश वाढवा. आमच्याकडे एवढा गारठा क्वचित पडतो, पण ओल चार महिने असते.

"भाऊ, मे महिन्यात प्लेटला हात लावता येत नाही, अजून काय तापवायचं?" हाही नेहमीचा प्रश्न. चंद्रपूरच्या उन्हात ४५ अंश हवा असली तरी काळी प्लेट साठ-सत्तर अंशांवर थांबते. हाताला ती भट्टी वाटते, सांध्याला ती अजून थंडच आहे.

मोजायला टेम्परेचर खडू सगळ्यात भरवशाचा. ज्या अंशाचा खडू असेल त्या अंशाला त्याची रेघ वितळते. शेडमध्ये ४५० च्या प्लेटसाठी १२५ चा, ५०० च्या जाड प्लेटसाठी १७५ चा आणि थांबण्यासाठी २०० चा ठेवा. आपल्या प्लेटचा खडू वितळला की रॉड उचलायचा, २०० चा वितळला की थांबायचं. इन्फ्रारेड गन वापरत असाल तर घासून चकाकलेल्या जागेवर मारू नका, ती कमी आकडा दाखवते. सांध्यापासून ७५ मिलिमीटर लांब, काळ्या पृष्ठावर मोजा. ज्वाला बाजूला केल्यावर लगेच मोजलं तर फक्त वरची साल मोजली जाते. २५ मिलिमीटर जाडीला दोन मिनिटं थांबून मोजा.

रन

डीसी इन्व्हर्टर, होल्डर पॉझिटिव्हला. आर्क आखूड, जवळजवळ टेकलेला. आर्क लांबला की बाहेरची ओलसर हवा आत येते आणि सगळी भाजणी वाया जाते.

उष्णतेचा हिशेब सोपा आहे. व्होल्ट गुणिले अँपिअर गुणिले ६०, भागिले एका मिनिटात किती मिलिमीटर रन पडला. ४ मिलिमीटरचा ७०१८, २४ व्होल्ट, १५० अँपिअर, मिनिटाला १५० मिलिमीटर रन: उत्तर १४४० ज्यूल, म्हणजे मिलिमीटरला जवळपास दीड किलोज्यूल. २०-२५ मिलिमीटर वेअर प्लेटला एक ते पावणेदोनच्या मध्ये राहा. दहा मिलिमीटरच्या प्लेटला दीडही जास्त होतं, तिथे ३.१५ चा रॉड घ्या.

काम करताना कॅल्क्युलेटर कोण काढणार? त्यासाठी माझी खूण वीत आहे. ४ चा लांब रॉड सुमारे दीड मिनिटात संपतो. तेवढ्यात रन एक वीत पडला तर उष्णता बरोबर. अर्धी वीतच पडला तर तुम्ही हात झुलवत जाड रन भरला आणि प्लेटला दुप्पट उष्णता दिली. मी नव्या पोराला आधी भंगार प्लेटवर खडूने वीतभर खुणा करून देतो, आणि एका रॉडात एक खूण गाठायला लावतो. हात बसला की मगच बकेट.

सरळ, अरुंद रन मारा. झुलवायचं झालंच तर रॉडच्या जाडीच्या तिप्पट रुंदीच्या आत. एका जाड रनाऐवजी तीन बारीक रन घेतले की वरच्या रनाची उष्णता खालच्या रनाच्या शेजारची पट्टी थोडी मऊ करते, लोहाराने विळ्याला पुन्हा धग दाखवावी तशी. प्रत्येक रनानंतर स्लॅग, म्हणजे वरची मसाल्याची खपली, पूर्ण झोडा, वायर ब्रश मारा आणि तापमान पुन्हा मोजा. वेअर प्लेटला २०० च्या वर दिसलं की रॉड खाली ठेवायचा. कारखान्याची मर्यादा २२५ आहे, मी २५ अंश हाताशी ठेवतो. ए ५१४ लाही ४० मिलिमीटरपर्यंत २०० हीच वरची हद्द आहे.

कोपऱ्यावर रन सुरू करू नका, संपवूही नका. कोपऱ्याच्या ५० ते १०० मिलिमीटर आधी सुरू करून रन वळवून पलीकडे न्या. बकेटच्या दातांचे ॲडॉप्टर बसवताना रन लिपच्या अगदी पुढच्या कडेपर्यंत आणू नका, थोडं आधी थांबा. लिपवर सगळ्यात जास्त ताण त्या कडेवर येतो.

विजेचंही बघा. रब्बीत ओलित सुरू झालं की सगळ्या मोटारी एकदम चालतात आणि फीडरचं व्होल्टेज पडतं. इन्व्हर्टरवर १५० दिसतं, रन मात्र वर तरंगलेला पडतो, खाली धरत नाही. मोठं काम असेल तर जनरेटर लावा किंवा रात्री उशिरा मारा. काम अर्ध्यावर असताना लाइन गेली तर बर्नर विझवू नका. निम्मा सांधा भरेपर्यंत प्लेट थंड होऊ द्यायची नाही, कारण त्याहून कमी भरलेला सांधा आकसताना सगळा ताण त्या थोड्याशा रनावर येतो.

मशीनवरच वेल्डिंग करायचं असेल तर आधी बॅटरीच्या केबल काढा आणि कंट्रोलरचे कनेक्टर सोडवा. अर्थिंगचा चिमटा सांध्याच्या अगदी जवळ, घासलेल्या जागेवर. लांब लावला तर करंट पिनमधून, बेअरिंगमधून, हायड्रॉलिक सिलिंडरच्या रॉडवरून जातो आणि तिथे खड्डे पाडतो.

नंतर

पाणी ओतायचं नाही. हे मोठ्या अक्षरात भिंतीवर लिहिण्यासारखं आहे. मशीन लवकर हवं म्हणून हेल्पर बादली घेऊन येतो, त्याला लांबूनच थांबवा. कारखान्यात दिलेलं पाणी मोजून दिलेलं होतं. हे पाणी रनाशेजारच्या पट्टीला पुन्हा काच बनवतं, आणि आतल्या हायड्रोजनला बाहेर पडायला वेळही देत नाही.

जाड किंवा जखडलेला सांधा असेल तर काम संपल्यावरही बर्नर एक-दोन तास मंद ठेवा, प्लेट १५० ते २०० च्या मध्ये. त्या धगीत हायड्रोजन निघून जातो. मग ग्लासवूलच्या चादरीखाली सावकाश थंड होऊ द्या. पावसाळ्यात वर ताडपत्री बांधा, उघड्यावर मारलेल्या गरम सांध्यावर एक सर आली तरी सगळी मेहनत गेली.

तपासणी दोन दिवसांनी. ए ५१४ साठी अमेरिकन कोडच सांगतो की सांधा ४८ तासांनंतर तपासा. वेअर प्लेटलाही मी तेच लावतो. साफ करून डाय पेनेट्रंटचा लाल स्प्रे मारा, पुसा, पांढरा डेव्हलपर मारा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. लाल रेघ उमटली तर कुठे उमटली ते पाहा. रनाशेजारी समांतर असेल तर रॉडची ओल किंवा तापवणी कमी पडली. रनाच्या मधोमध असेल तर फट जास्त होती किंवा रन फार अरुंद आणि खोल पडला.

फुटलेली बकेट आली तर

तड्यावर वरून रन फिरवून देऊ नका. पेनेट्रंटने तड्याची दोन्ही टोकं शोधा. डोळ्याला टोक जिथे दिसतं त्याच्या पुढेही तो गेलेला असतो. टोकांच्या थोडं पुढे भोक पाडा, म्हणजे गॉजिंगच्या (कार्बनच्या कांडीने आर्क मारून खोदण्याच्या) उष्णतेत तो आणखी पळत नाही. कार्बन गॉजिंगही आधी तापवूनच करायचं. तडा मुळापर्यंत खोदा, मग काळा झालेला थर एक-दोन मिलिमीटर घासून टाका, त्यात कार्बन मुरलेला असतो. पुन्हा पेनेट्रंट मारून खात्री करा. मोकळी, गोल तळाची खाच बनवा आणि वर सांगितलं तसं तापवून भरा.

तीच जागा दुसऱ्यांदा फुटलेली असेल तर फक्त भरू नका. आजूबाजूचा आधीचा रन, मऊ पडलेली पट्टी यासकट तुकडा कापून नवा बसवा. त्याआधी ऑपरेटरशी बोला. बकेटच्या एका दातानेच दगड उकरायची त्याची पद्धत असेल तर लिप पुन्हा तिथेच फुटेल.

काही कामं आपल्या शेडची नाहीत. क्रेनचा बूम, उचलण्याचे हुक आणि डोळे, माणसं उभी राहतात तो प्लॅटफॉर्म, गाडीची चेसिस यांना कारखान्याच्या लेखी प्रोसीजरशिवाय, पात्र वेल्डर आणि अल्ट्रासॉनिक तपासणीशिवाय हात लावू नका. ठेकेदार म्हणेल, "फक्त दोन टाके मारून दे भाऊ." ते दोन टाकेच धोक्याचे, थंड प्लेटवर आखूड टाका काय करतो ते वर लिहिलं आहे. त्याला नागपूरच्या किंवा चंद्रपूरच्या मोठ्या वर्कशॉपकडे पाठवा.

आणि ४८ तासांवरून ठेकेदाराशी भांडण ठरलेलंच आहे. मशीन उभं राहिलं की त्याचं भाडं बुडतं, हे खरं आहे. म्हणून काम घेतानाच सांगा, बिलावर लिहा: इतका वेळ तापवणी, इतका वेळ वेल्डिंग, दोन दिवस थांबणं. जमत असेल तर काम शनिवारी घ्या, म्हणजे साप्ताहिक सुटीतला एक दिवस आपोआप मिळतो. त्याच बिलाच्या मागे प्लेटचा ग्रेड, रॉडचा बॅच नंबर, भाजणीची वेळ, सुरुवातीचं आणि सर्वांत जास्त तापमान लिहून ठेवा. पुढे कधी ती बकेट परत आली, तर कुठे बिघडलं ते शोधायला हाच कागद लागतो.